माल आला नव्हता, सही माझी होती

एसएससी सीजीएल (केंद्र सरकारच्या कार्यालयांतल्या पदांची परीक्षा) निघाली, पोस्टिंगही मुंबईतच मिळालं, आता पुढे काय, असं विचारणारे बरेच जण सध्या भेटतात. आधी मनापासून अभिनंदन. पगार, घरभाडं भत्ता, अँटॉप हिलच्या क्वार्टरची वेटिंग लिस्ट हे तुम्ही माझ्या आधीच शोधून काढलेलं असतं, त्यावर लिहीत नाही. मला एकाच गोष्टीबद्दल सांगायचंय, तोंडी आदेशावर केलेल्या सहीबद्दल. तिच्यापायी माझी चार वर्षं गेली.

दक्षिण मुंबईतल्या केंद्र सरकारच्या एका कार्यालयात मी खरेदी शाखेत रुजू झाले. लाचखोरी म्हणजे पाकीट, टेबलाखालचा हात, सापळा आणि पावडर लावलेल्या नोटा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पाकिटाला हात लावायचा नाही हे मी घरून ठरवूनच निघाले होते, आणि आजपर्यंत लावलेला नाही. तरीही माझ्या नावाने आरोपपत्र निघालं.

नोकरीतला दुसरा मार्च, 29 तारीख. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून 40 खुर्च्यांची ऑर्डर गेली होती. पुरवठादार म्हणत होता, गाडी भिवंडीहून निघालीय. साहेब माझ्या टेबलापाशी आले आणि अगदी आपुलकीने म्हणाले, "माल वाटेतच आहे. आजच सीआरएसी देऊन टाक, नाहीतर बजेट लॅप्स होईल." पीआरसी म्हणजे माल पोहोचल्याची पोच. सीआरएसी म्हणजे मी तो मोजला, तपासला, ऑर्डरप्रमाणे आहे आणि स्वीकारला. तिच्या जोरावर बिल पेमेंटला जातं. हे सगळं मला माहीत होतं, ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं होतं. तरी मी ओटीपी टाकला. साहेब माणूस म्हणून चांगले होते, माझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी रजा एका मिनिटात मंजूर केली होती. नाही म्हणायला जीभ रेटली नाही.

गाडी आली 9 एप्रिलला. पॅसेजमध्ये खोके फोडले तेव्हा 26 खुर्च्या ऑर्डरप्रमाणे निघाल्या. उरलेल्या 14 हलक्या मॉडेलच्या, हात नसलेल्या, खालचा पाया धातूऐवजी प्लॅस्टिकचा. पुरवठादाराने "बदलून देतो" म्हटलं आणि बदलल्या नाहीत. पैसे त्याच्या खात्यात केव्हाच गेले होते, आता तो कशाला धावेल?

ऑडिट दोन वर्षांनी आलं. त्यांनी माझी फाइल आधी मागितलीच नाही, गेटवरचं आवक रजिस्टर मागितलं. वॉचमनने निळ्या बॉलपेनने गाडीचा नंबर लिहिला होता, वेळ 11.40, तारीख 9 एप्रिल. स्क्रीनवर सीआरएसीची तारीख 29 मार्च आणि खाली माझं नाव. ऑडिट पार्टीतल्या अधिकाऱ्याने शांतपणे विचारलं, "मॅडम, 29 तारखेला तुम्ही मोजलं काय?"

साहेबांची तोवर बदली झाली होती. फोन केला तर म्हणाले, "मी असं कसं सांगेन? माल आला की लगेच दे, असं म्हटलं असेल." कदाचित त्यांना खरंच तसंच आठवत असेल. माझ्याकडे दाखवायला चिठोरंही नव्हतं. शिस्तभंगाच्या सीसीए नियम 1965 च्या नियम 16 खाली ज्ञापन, म्हणजे आरोपपत्र आलं, चौकशी दीड वर्ष चालली, मधल्या काळात डीपीसी, म्हणजे प्रमोशन ठरवणारी समिती बसली आणि चौकशी चालू म्हणून माझा निकाल सीलबंद पाकिटात राहिला. शेवटी परिनिंदा, म्हणजे लेखी ठपक्याची शिक्षा. बाबांनी पोस्टिंगच्या वेळी चाळीत पेढे वाटले होते, त्यांना मी हे वर्षभर सांगू शकले नाही.

आता नीट ऐका, कारण इथेच सगळे फसतात. तोंडी आदेश हा सरकारी नोकरीतला खरा सापळा आहे. पैसे मागणारा माणूस तुम्हाला लगेच ओळखू येतो. पण "टाक सही, मी आहे ना" म्हणणारा ओळखू येत नाही, कारण तो तुमच्याकडे काही मागत नाही, उलट विश्वास दाखवतो. सही झाली की ती तुमची. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आचरण नियम 1964 मधला नियम 3 काढून वाचा. वरिष्ठाने आदेश शक्यतो लेखीच द्यायचा असतो. तोंडी दिला तर त्याची लेखी पुष्टी तुम्ही शक्य तितक्या लवकर मागायची आणि ती देणं हे वरिष्ठाचं कर्तव्य आहे. म्हणजे पुष्टी मागणं हा आगाऊपणा नाही, तुमच्यावरचं बंधन आहे. मी परीक्षेसाठी हा नियम पाठ केला होता, वापरायचं मात्र सुचलं नाही.

भांडायची गरज नसते. ई-ऑफिसवर, म्हणजे ऑनलाइन फाइलवर, दोन ओळींची टिप्पणी टाका: "आज समक्ष झालेल्या चर्चेनुसार, माल प्रत्यक्ष प्राप्त होण्यापूर्वी स्वीकृती देण्याबाबत लेखी आदेश व्हावेत." ही टिप्पणी मी पुढे दोनदा टाकली. दोन्ही वेळा फाइल आदेशाविना परत आली आणि माल आल्यावरच सीआरएसी निघाली. कुणी माझ्यावर ओरडलं नाही. मात्र लेखी आदेश हातात आला म्हणून खोटी तारीख खरी होत नाही. तसा आदेश आलाच तर "माल प्राप्त नाही" एवढंच लिहा आणि फाइल वर पाठवा. आणि बजेट लॅप्स होण्याची भीती कुणी घातली तर जीएफआर 2017, म्हणजे सरकारी खर्चाच्या नियमांमधला नियम 62 दाखवा. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत खर्चाची घाई करणं हाच तिथे वित्तीय औचित्याचा भंग म्हटला आहे.

हे फक्त आपल्यासारख्या खालच्या लोकांचं दुखणं नाही. 1957 साली एलआयसीने उद्योगपती हरिदास मुंदडाच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले, आणि स्वतःच्या गुंतवणूक समितीला विचारलंही नाही. फिरोज गांधींनी लोकसभेत प्रकरण काढलं. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी 1958 मध्ये इथे मुंबईत, लोकांसमोर उघड चौकशी केली आणि महिन्याभराच्या आत संपवली. तिथेही मुख्य वाद हाच होता की होकार कुणी, कुणाला, कधी दिला. अर्थ खात्याचे सचिव म्हणत होते मंत्र्यांची संमती होती, मंत्री म्हणत होते नव्हती. छागलांनी ठरवलं की सचिवाच्या कृतीची जबाबदारी मंत्र्याला झटकता येणार नाही. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना जावं लागलं. तोंडी कारभार तेव्हा अर्थ मंत्रालयाला पेलला नाही, मग दुसऱ्या वर्षाच्या असिस्टंटला कसा पेलेल?

पदाची शान म्हणजे काय, यावर माझं मत ठाम आहे. क्लासवाले अजूनही लाल दिव्याचे फोटो दाखवून मुलं गोळा करतात. तो दिवा 1 मे 2017 पासून मंत्र्यांच्या गाडीवरूनही उतरला. मला चिंतामणराव देशमुख आठवतात. मुंबईच्या प्रश्नावर 1956 साली त्यांनी केंद्राचं अर्थमंत्रीपद सोडलं. ठाण्याला त्यांच्या नावाची प्रशिक्षण संस्था आहे, अभ्यासाला जात असाल तर दारावरचं नाव एकदा नीट वाचा.

दलालांबद्दल थोडक्यात. "मुलाखतीत सांभाळून घेतो" म्हणणारा सरळ फसवतोय, कारण केंद्रात अराजपत्रित ब आणि क गटाच्या मुलाखती 1 जानेवारी 2016 पासून बंद आहेत. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर 7 दिवसांत तक्रार करावी लागते. दिवाळीचे डबे पुरवठादाराकडून घेऊच नका, किमतीची मर्यादा बघत बसू नका.

गुरू निवडताना सावध राहा. सगळ्यांची कामं जमवून देणारा, चहा पाजणारा सीनियर मला आता नको वाटतो. आमच्या स्टोअरमध्ये निवृत्तीला आलेल्या एक मॅडम होत्या, सगळे त्यांना कटकटी म्हणत. माझं ज्ञापन वाचून त्या एवढंच म्हणाल्या, "साहेब बोलले ते लिहिलंस कुठे, बाळा?" मग रोज संध्याकाळी थांबून त्यांनी माझं उत्तर तीनदा लिहून घेतलं.

तुमच्या शाखेत खरोखर मोठं काही चाललेलं दिसलं तर एकट्याने अंगावर घेऊ नका. सत्येंद्र दुबे यांनी महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला कळवला, नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली, ते फुटलं, आणि नोव्हेंबर 2003 मध्ये गयेत त्यांची हत्या झाली. त्यानंतर 2004 मध्ये तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवणारा पीआयडीपीआय ठराव आला. बंद पाकिटावर पीआयडीपीआयखालची तक्रार असं ठळक लिहून केंद्रीय दक्षता आयोगाला पाठवायचं, आपलं नाव-पत्ता आतल्या पत्रात, पाकिटावर नाही. निनावी पत्र चालत नाही. घाबरू नका, पण हा रस्ता सोडून दुसऱ्याने जाऊ नका.

एका परिनिंदेने आयुष्य संपत नाही. पुढच्या डीपीसीत माझं प्रमोशन झालं. गेल्या मार्चमध्ये शेजारच्या टेबलावर नवीन आलेल्या मुलीने हळूच विचारलं, "ताई, यूपीएसचा माल निघालाय म्हणे, सीआरएसी देऊ का?" मी तिला काही न बोलता खाली गेटवर नेलं. वॉचमनने रजिस्टर फिरवून आमच्यासमोर धरलं. त्या दिवसाच्या पानावर कुरियरच्या दोन नोंदी होत्या आणि पाण्याच्या टँकरची एक. तिने वर येऊन फाइलवर लिहिलं, "माल प्राप्त नाही." गाडी 4 एप्रिलला आली, आणि तिने एकेक खोका फोडून मोजला.