दिव्यांगांसाठी प्रोजेक्ट करताय? आधी माणूस गाठा, मग मॉडेल

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला दिव्यांगांसाठी काहीतरी करायचं असं सांगली, इस्लामपूर, कराडकडची बरीच पोरंपोरी ठरवतात आणि मनापासून ठरवतात, पण सुरुवात होते सेन्सरपासून, म्हणजे आर्डुइनो (सेन्सर, मोटर चालवणारा छोटा सर्किट बोर्ड) आधी घेतला जातो आणि तो कुणाच्या उपयोगाचा ते नंतर शोधलं जातं. हे उलटं करा. आधी एक माणूस गाठा, ज्याच्या घरी तुम्हाला परत परत जाता येईल असा. ओळखीत कुणी नसेल तर कॉलेजचं पत्र घेऊन सिव्हिलच्या फिजिओथेरपी विभागात भेटा, नाहीतर गावातल्या आशाताईंना विचारा, कुठल्या घरात कुणाला काय त्रास आहे हे त्यांना पक्कं माहीत असतं.

घरी गेल्या गेल्या "तुम्हाला काय पाहिजे" असं विचारू नका, लोक संकोचतात आणि "काय नको बाळा, चाललंय" म्हणून मोकळे होतात. त्यापेक्षा जेवणाच्या वेळेला जा, बसा, बघा. लकवा मारलेल्या काकांचा एकच हात चालतो, तर त्या एका हातानं भाकरी मोडताना ताट पुढं सरकतं, भात कडेवरून बाहेर जातो, मग काकू येऊन भरवतात आणि काका गप्प होतात. इथं मोटर लागत नाही. ताटाखाली ओलं फडकं घातलं तरी सरकायचं थांबतं, एका बाजूला उंच काठ बसवला की घास त्याला टेकवून उचलता येतो, आणि बोटांची पकड गेली असेल तर तळहाताभोवती वेल्क्रोचा पट्टा आणि त्याला चमचा अडकवायला छोटा खिसा, हे कुठलाही बॅग शिवणारा शिवून देतो. याला प्रोजेक्ट म्हणायचं का असं तुमच्या गाइडना वाटेल, पण त्यात काठाची उंची, कोन, पट्ट्याची रुंदी, धुता येणं, एका हातानं घालता-काढता येणं एवढं सगळं डिझाइन आहे. आणि हो, बोलायचं ते त्या माणसाशीच, घरच्यांना विचारून त्याच्याबद्दल ठरवू नका.

दुसरं म्हणजे जे फुकट मिळतं ते परत बनवत बसू नका. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत व्हीलचेअर, तीनचाकी, कुबड्या, पांढरी काठी, श्रवणयंत्र हे पात्र लोकांना मिळतं, कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीचं सामान शिबिरात येतं. खरी अडचण पुढं सुरू होते, चेअर घरात येते पण न्हाणीच्या दारातून जात नाही, किंवा सीट इतकी रुंद की माणूस एका बाजूला कलतो. माझं स्पष्ट मत आहे, आपल्या भागात नवीन व्हीलचेअर बनवण्यापेक्षा मिळालेली चेअर त्या माणसाला आणि त्या घराला बसवून देणं हा जास्त मोठा प्रोजेक्ट आहे. टेप घेऊन मोजा: बसल्यावर कंबरेची रुंदी अधिक दोन्ही बाजूंना साधारण एकेक इंच एवढी सीट, आणि उंबऱ्याला रॅम्प करायचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी. अंगणात तेवढी जागा नसते, म्हणून मग वळणाचा रॅम्प, उचलून ठेवता येणारा रॅम्प, इथं डोकं लावा.

काठीवर सेन्सर लावायचाच असेल तर आपल्या रस्त्याचा विचार करा. पांढरी काठी जमिनीवरचा खड्डा, दगड बरोबर सांगते, तिला कळत नाही ते गुडघ्याच्या वरचं. गळिताच्या हंगामात रस्त्याकडेला उभ्या ट्रॉलीतून मागं ऊस बाहेर आलेला असतो, काठी खालनं निघून जाते आणि वाढं थेट तोंडावर. त्यामुळं सेन्सर वरच्या बाजूला बघणारा पाहिजे. आयआयटी दिल्लीची स्मार्टकेन २०१४ साली आली ती अशीच, नेहमीच्या काठीवर बसणारी, गुडघ्यावरचे अडथळे कंपनानं सांगणारी. तुम्हीही बझर टाळा, दिसत नाही त्या माणसाचं रस्त्यावर सगळं लक्ष कानाकडं असतं, तिथंच आवाज करून कसं चालेल. आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर कागदावर २ सेंटिमीटर ते ४ मीटर बघतो, पण मऊ कपडा आणि तिरका पृष्ठभाग त्याला फसवतात, तेव्हा लॅबमधल्या भिंतीसमोर टेस्ट करून "अचूक" लिहू नका, खऱ्या ट्रॉलीसमोर नेऊन बघा.

थ्रीडी प्रिंट करताय तर पीएलए हे त्यातलं नेहमीचं प्लास्टिक साधारण ६० अंशाला मऊ पडतं, उन्हात लावलेल्या गाडीवर राहिलं की वाकडं झालंच म्हणून समजा. आणि अंगाचा भार घेणारा कृत्रिम पाय किंवा सॉकेट (उरलेला पाय ज्यात बसतो तो कप) हा तज्ज्ञाशिवाय करायचा विषयच नाही. जयपूर फूट हा कृत्रिम पाय १९६८ च्या सुमाराला झाला तो कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद सेठींसारखे डॉक्टर एकत्र आले म्हणून, आणि चालला कारण त्यावर अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं, चिखलात जाता येतं.

कातडीला लागणारी कुठलीही वस्तू आधी थोडाच वेळ घालायला द्या, काढल्यावर लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर ती वापरायची थांबवा. मणक्याला मार लागलेल्याला बऱ्याचदा माराच्या खालच्या भागात दुखतच नाही, त्याला जखम होतेय हे कळतही नाही, तिथं तपासायची जबाबदारी तुमची.

मग वस्तू त्यांच्या घरी ठेवून या आणि काही दिवसांनी न सांगता नाही, फोन करूनच जा, पण वापरतात का ते नीट बघा. कोपऱ्यात पडली असेल तर का पडली ते विचारा, राग मानू नका, रिपोर्टमध्ये तेच लिहा.

नटबोल्ट असे वापरा की गावातल्या सायकल दुकानात मिळतील, वेल्डिंग असं की कोपऱ्यावरचा फॅब्रिकेशनवाला करेल, कारण तुम्ही पास होऊन पुण्याला जाल आणि वस्तू इथंच मोडेल. मापांसकट मराठीत ड्रॉइंग काढून एक प्रत घरी, एक त्या फॅब्रिकेशनवाल्याकडं द्या. खर्चासाठी ग्रामपंचायतीत दिव्यांगांच्या ५ टक्के निधीची चौकशी करा, स्वउत्पन्नातला तेवढा भाग त्यासाठीच असतो, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) भेटताना त्या माणसाचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), वस्तूचा फोटो आणि खर्चाचा कागद सोबत न्या, आणि शक्य असेल तर त्यालाही बरोबर न्या.