एका खोलीत दोन शिक्षक: या चुका टाळा

'प्रत्येक शिक्षकाला किमान एक वर्गखोली' असं 2009च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात छापलेलं आहे. गावात मात्र एक खोली निर्लेखनात जाते (मोडकळीला आली म्हणून कागदोपत्री बाद होते), नवीचा प्रस्ताव पडून राहतो आणि पहिली-दुसरीच्या बाई नि तिसरी-चौथीचे सर एकाच छताखाली येतात. मग कुरबुरी.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे मुलांसमोर सहकाऱ्याला दुरुस्त करणं. एका द्विशिक्षकी शाळेत हे माझ्यादेखत घडलं. दुसरीतल्या मुलीनं पाटीवर 52 वजा 27 मांडलं होतं. दशक सुटा करून, 5 खोडून 4, एककावर 12. बाईंनी शिकवलं तसंच. सरांची रीत जुनी: वर दहा वाढवायचे, हातचा खालच्या 2 मध्ये मिळवायचा. त्यांनी पाटी पुसली नि विचारलं, "हे कुणी शिकवलं गं?" बाई चार हातांवर उभ्या. अहो, दोन्हीकडून उत्तर 25च येतं! पोरीनं घरी सांगितलं, आई शाळेत आली, "हिला सरांनीच शिकवावं" म्हणाली. बाईंनी अबोला धरला; पोषण आहाराचा हिशेबसुद्धा मुलाच्या हाती चिठ्ठीनं जायचा. शेवटी एका मधल्या सुट्टीत दोघं बसले. चारही वर्गांना वजाबाकी बाईंच्या रीतीनं, असं ठरलं. सर कुरकुरले, पण पाळलं.

माझी सवय अशी: खटकलं की टाचणवहीच्या, म्हणजे रोजच्या पाठांची तयारी लिहायच्या वहीच्या, मागच्या पानावर लिहायचं आणि मुलं गेल्यावर बोलायचं. शाळा सुटेपर्यंत त्यातलं निम्मं बोलण्यासारखं उरत नाही.

गोंगाटावरून भांडू नका. एकीकडे तोंडी काम, तेव्हा दुसरीकडे लेखी. पाढे दोन्हीकडे एकदम नकोत. हे आदल्या दिवशी जुळवायला दहा मिनिटं लागतात. पण उतावळ्यांना तेवढाही धीर नसतो, ते कपाट आडवं लावून पार्टिशन करतात. आवाज कपाटाला जुमानत नाही, मागच्या मुलांचा उजेड मात्र जातो.

रुजू होऊन महिना झाला नाही तोच केंद्रप्रमुखांकडे, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या साहेबांकडे, अर्ज करणारेही आहेत. साहेब येतात, 'समन्वयाने काम करावे' असा शेरा मारतात, चहा पिऊन जातात. खोली तीच, सोबतीही तेच. शेरा मात्र शेरेबुकात कायमचा.

व्हॉट्सॲप ग्रुपवर टोमणे नकोत.

दुसऱ्याचं फळ्यावरचं पुसण्याआधी विचारा.

पंखा एकच असेल तर त्याखाली पहिलीची मुलं बसतील. यावर चर्चा नको.