दहा मायक्रोबिट, एकच प्रोग्रॅम: शेजाऱ्याला विचारून अंतर कसं काढायचं

रेशनच्या लांब रांगेत आपला नंबर कळायला अख्खी रांग मोजावी लागत नाही. पुढच्याला विचारायचं, "तुमचा कितवा?" आणि त्यात एक मिळवायचा. जागेत विखुरलेली शेकडो साधी यंत्रं प्रोग्रॅम करायची तर सगळ्यात आधी हेच शिकावं. 2014 मध्ये हार्वर्डमधल्या संगणकशास्त्रज्ञ राधिका नागपाल यांच्या गटाने 1024 इवल्या रोबोंकडून टेबलावर ताऱ्याचा आकार घडवून घेतला. सुरुवातीला ठेवलेल्या मूळ रोबोंपासून आपण किती लांब आहोत, हे तिथेही प्रत्येक रोबो असंच शेजाऱ्याला विचारून ठरवत होता.

घरी करून बघायला आठ-दहा मायक्रोबिट पुरतात. मायक्रोबिट म्हणजे दिवे, बटणं आणि रेडिओ असलेला, प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड.

सगळ्यांत एकच प्रोग्रॅम टाका. "तीन नंबरच्या बोर्डाने अमुक करावं" असं लिहायचा मोह होतो, तो टाळा. त्या बोर्डाची बॅटरी उतरली की सगळा डाव मोडतो.

मग रेडिओ. सगळ्यांचा ग्रुप (एकाच नंबरचे बोर्डच एकमेकांना ऐकतात) एकच ठेवा आणि पॉवर 0, म्हणजे सगळ्यात कमी, करा. ती मुळात 6 असते आणि तेवढ्यावर घरभर ऐकू जातं. मग सगळेच सगळ्यांचे शेजारी होतात आणि प्रत्येक जण अंतर 1 दाखवत बसतो. आमचाही पहिला अख्खा तास यातच गेला. दोन बोर्ड घेऊन, कितपत लांब नेल्यावर ऐकू येईनासं होतं ते आधी बघा आणि त्याहून थोड्या कमी अंतराने बोर्ड मांडा.

आता नियम. बटण 'ए' दाबलेला बोर्ड मूळ, त्याचा आकडा (म्हणजे मुळापासूनचं अंतर) कायम 0. बाकीच्यांनी दर दोन सेकंदांनी, तेवढ्या वेळात कानावर आलेल्यांपैकी सगळ्यात लहान आकडा घ्यायचा, त्यात एक मिळवायचा आणि तो दिव्यांवर दाखवायचा. आपला आकडा प्रत्येकाने साधारण अर्ध्या सेकंदाने बोलून दाखवायचा, पण दर वेळी थोडं मागेपुढे, रँडम. नाहीतर दोघे एकदम बोलतात आणि तिसऱ्याला काहीच कळत नाही.

दोन सेकंदांपूर्वीचं विसरायचं, ही यातली खरी गोम आहे. "आजवर ऐकलेला सगळ्यात लहान आकडा" धरून ठेवलात तर सुरुवातीला सगळं छान चालतं. पण मधला एक बोर्ड बंद करून बघा: पलीकडचे जुनेच आकडे धरून बसतात. विसरायला शिकवलंत तर दुसरी वाट असल्यास तिच्यावरून नवे, मोठे आकडे येतात. हॉलमधून स्वयंपाकघरात वळणाऱ्या ओळीत 4 चा 6 होताना आम्ही पाहिला, आणि कोणी काही सांगितलेलं नसताना!

एक पथ्य मात्र पाळा. मूळ बोर्डच बंद केलात तर उरलेले एकमेकांचंच ऐकून आकडे चढवत राहतात: 3, 4, 5... म्हणून आकडा 9 च्या वर गेला की बोर्डाने आडवी रेघ दाखवावी आणि गप्प बसावं.

एखादा बोर्ड 2 आणि 3 मध्ये हेलकावे खात असेल तर तो ऐकू येण्याच्या काठावर आहे. माणूस मध्ये उभा राहिला तरी असं होतं, कारण शरीर रेडिओलहरी शोषतं. बोर्ड वीतभर सरकवा, नाहीतर दोनाचे तीन सेकंद करा.

हे जमलं की दुसरा मूळ बोर्ड जोडा आणि प्रत्येकाला दोन्ही अंतरं वेगवेगळी मोजायला लावा. ज्यांची बेरीज सगळ्यात कमी येते त्यांचेच दिवे पेटवा. दोन मुळांमधली वाट जमिनीवर उजळलेली दिसेल.