घरात बचावासाठी बंदूक ठेवताय तर कानांचाही विचार करा

बंदुकीचा आवाज साधारण १४० ते १७० डेसिबलपर्यंत जातो, आणि बंद खोलीत तो भिंतींवर आपटून परत येतो त्यामुळे एका गोळीतही ऐकू येणं कायमचं कमी होऊ शकतं. म्हणून इलेक्ट्रॉनिक इअरमफ, म्हणजे कान पूर्ण झाकणारे हेडफोनसारखे कप, जवळ असावेत. यांचे माइक बारीक आवाज वाढवून ऐकवतात, आणि साधारण ८५ डेसिबलच्या वर गेलं की वाढवणं लगेच थांबतं, बाकीचा मार कप आणि त्याची गादी झेलते.

घेताना दोन्ही बाजूला वेगळे माइक आहेत ना ते आधी बघा, नाहीतर पाऊल डावीकडे वाजलं की उजवीकडे हेच कळत नाही, आणि घरात तर तेच सगळ्यात महत्त्वाचं. दुसरं म्हणजे चालू करायची पद्धत. मला फिरवायचा नॉबच बरा वाटतो, कारण अंधारात झोपेतून उठून बटण तीन सेकंद दाबून धरायचं आणि मग आवाज वाढवत बसायचं हे जमणारं काम नाही. नॉब मात्र आधीच हव्या तेवढ्या आवाजावर ठेवता येत नाही जर ऑन-ऑफ त्यातच असेल, तेवढी सवय करून घ्या.

एनआरआर (मफ आवाज किती डेसिबलने कमी करतो त्याचा पाकिटावरचा आकडा) २२ च्या पुढे मिळाला तर चांगलंच, पण चष्म्याच्या काडीमुळे फट राहिली तर आकड्याला अर्थ नाही. जेलच्या गाद्या काडीभोवती बऱ्या बसतात.

बरेच मफ काही तासांनी आपोआप बंद होतात, तरी सेल ठरावीक दिवशी बदलत जा. आणि घालायला वेळच नसेल तर आधी जीव वाचवा.