नातवंडांसाठी वायफायला गाळणी कशी बसवायची

माझी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात, केबल जोडण्यात गेली. निवृत्तीनंतर आम्ही दोघं ऐरोलीला लेकीच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो. लेक माइंडस्पेसमधल्या ऑफिसात, जावई तुर्भ्याला नोकरीला. त्यामुळे शाळा सुटली की संध्याकाळी सातपर्यंत दोन्ही नातवंडं आमच्याकडे असतात. नातू बारा वर्षांचा, नात नऊची.

आयपीएलच्या दिवसांत नातवाला मित्राने फुकट मॅच बघायची लिंक पाठवली. मॅच काही लागली नाही, पण बाजूला एकामागून एक ज्या चौकटी उघडल्या, त्या मुलांनी बघायच्या नव्हत्या. चार दिवस पोरगं धड जेवलं नाही. पाचव्या दिवशी आजीच्या कुशीत रडत म्हणाला, "आबांना सांगू नको, ते फोन काढून घेतील."

ते घाणेरडं चित्र जितकं लागलं नाही, तितकं मला हे वाक्य लागलं. म्हणून राउटरला, म्हणजे घरभर वायफाय देणाऱ्या डब्याला, हात लावायच्या आधी मी दोघांना समोर बसवलं. काय बसवतोय, का बसवतोय ते सांगितलं, आणि शब्द दिला की काही वाईट दिसलं आणि येऊन सांगितलंत, तर त्यासाठी फोन जाणार नाही. तुम्हीही सुरुवात इथूनच करा. चोरून बसवलेली गाळणी मुलांना कळल्याशिवाय राहत नाही, आणि मग ती आपल्यापासून लपायला शिकतात.

आता प्रत्यक्ष काम. पूर्वी एखाद्याचा नंबर ठाऊक नसला की आपण १९७ ला फोन करायचो. आपण नाव सांगायचो, पलीकडची बाई नंबर सांगायची. इंटरनेटवर हेच काम डीएनएस करतो. मुलाने साइटचं नाव टाकलं की फोन आधी डीएनएसला विचारतो, नंबर मिळाला की मगच साइट उघडते. आपण फक्त चौकशीची खिडकी बदलायची. नव्या खिडकीवर असा माणूस बसवायचा, जो वाईट पत्त्यांचा नंबर देतच नाही. क्लाउडफ्लेअर कंपनीची अशी सेवा एप्रिल २०२० पासून फुकट आहे. पत्ते दोन, १.१.१.३ आणि १.०.०.३. शेवटचा आकडा नीट बघा. १.१.१.२ घातलात तर फक्त व्हायरस पसरवणाऱ्या साइट अडतात, अश्लील नाही.

आमचा राउटर चपलांच्या कपाटावर भिंतीला ठोकलेला आहे. त्याच्या पोटाशी चिकटवलेल्या कागदावर आत शिरायचा पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड बारीक अक्षरात छापलेला असतो. मी टॉर्च धरला, नातवाने वाचून दाखवलं. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. घरच्या वायफायवर असताना तो ब्राउझरमध्ये इंग्रजी आकड्यांत टाकायचा. आत गेल्यावर लॅन, डीएचसीपी किंवा इंटरनेट अशा नावाच्या पानावर प्रायमरी आणि सेकंडरी डीएनएस अशा दोन जागा सापडतात. तिथे वरचे दोन पत्ते भरा, सेव्ह करा, राउटर बंद करून चालू करा. आणि तिथे आहात तोवर ॲडमिनचा पासवर्डही बदला. जुना तर भिंतीवरच छापलेला आहे, मुलांना वाचता येतो.

चाचणीसाठी खरी घाण उघडायची गरज नाही. क्लाउडफ्लेअरने त्यासाठी एक निरुपद्रवी पत्ता ठेवला आहे: न्युडिटी डॉट टेस्टकॅटेगरी डॉट कॉम. तो उघडला नाही तर गाळणी काम करते आहे.

माझ्याकडे तो उघडला. दोन संध्याकाळी मी आकडे पुन्हा पुन्हा तपासले. शेवटी कारण सापडलं. हल्ली बऱ्याच जोडण्यांवर जुन्या पत्त्यांबरोबर आयपीव्ही६ नावाचे नवे लांबलचक पत्तेही चालतात, आणि त्यांची चौकशीची खिडकी वेगळी असते. मी एक दार लावलं होतं, दुसरं सताड उघडं होतं. राउटरमध्ये आयपीव्ही६ च्या डीएनएसची जागा शोधा आणि तिथे २६०६:४७००:४७००::१११३ आणि २६०६:४७००:४७००::१००३ हे पत्ते भरा. हे भरल्यावर चाचणीचं पान अडलं. तरीही एखाद्या यंत्रावर पान उघडत असेल, तर तिथल्या क्रोमच्या सेटिंगमध्ये 'सिक्युअर डीएनएस' बघा. तिथे दुसऱ्या कोणाचं नाव निवडलेलं असलं तर राउटरचं म्हणणं तो ब्राउझर ऐकत नाही.

काही राउटरमध्ये डीएनएसची जागा कंपनीनेच बंद केलेली असते. शिवाय घराबाहेर पडलं की फोन सिमच्या डेटावर जातो, तिथे घरचा राउटर काय करणार? म्हणून मुलांच्या फोनमध्येही हीच सोय करा. अँड्रॉइड ९ आणि त्यापुढच्या फोनमध्ये सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' शोधा आणि तिथे होस्टनेम म्हणून फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर हायफन डीएनएस डॉट कॉम हे इंग्रजीत टाका. एक अक्षर चुकलं तरी त्या फोनचं नेट बंद पडतं, तेव्हा घाबरू नका, स्पेलिंग बघा. हे सेटिंग मूल स्वतः काढू शकतं. म्हणूनच आधीचं ते समोर बसून बोलणं.

पुढचं काम आईवडिलांच्या खात्यावरून होतं, ते लेकीने केलं. गुगल फॅमिली लिंक तिच्या फोनवर घेऊन दोन्ही मुलांची खाती जोडली. आता नवं ॲप घ्यायचं तर तिची परवानगी लागते, आणि रात्री साडेनऊला फोन आपोआप लॉक होतो. मुलांची जन्मतारीख खरी घाला, वय वाढवून घातलं की अर्धं संरक्षण तिथेच जातं. नातीला यूट्यूब किड्स दिलं. नातवाच्या यूट्यूबला 'एक्सप्लोर' ही पातळी लावली, ती साधारण नऊ वर्षांपुढच्या मुलांसाठी आहे. हे वेगळं करावंच लागतं, कारण डीएनएस अख्खी साइट अडवू शकतो, पण यूट्यूबमधला एखादा व्हिडिओ त्याला दिसतच नाही.

व्हॉट्सॲपचंही तेच. मूल आजीचा फोन वापरत असेल तर तिच्या व्हॉट्सॲपमध्ये स्टोरेज अँड डेटामध्ये जाऊन मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करा, आणि प्रायव्हसीमध्ये ग्रुप्सला 'माय कॉन्टॅक्ट्स' निवडा, म्हणजे अनोळखी माणूस तिला कुठल्याही ग्रुपात ओढू शकणार नाही. कोणी मुलाकडे फोटो मागत असेल, धमकावत असेल, तर मेसेज पुसू नका. स्क्रीनशॉट ठेवा, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा, आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे तक्रार नोंदवा.

गाळणीत कधीकधी चांगलंही अडकतं. राउटरजवळ मी एक दोनशे पानी वही ठेवली आहे. अभ्यासाचं पान उघडलं नाही की मुलं त्यात नाव लिहितात, आणि संध्याकाळी माझ्या फोनच्या डेटावर आम्ही ते एकत्र बघतो. दर महिन्याच्या एक तारखेला चाचणीचा पत्ता पुन्हा टाकतो, कारण कोणी राउटरचं रीसेटचं बटण दाबलं असेल तर भरलेले आकडे पुसले जातात.

परवा नातू क्लासवरून आला आणि चपला काढायच्या आधीच फोन पुढे केला. "आबा, परत तसलीच लिंक आलीय. मी उघडली नाही." आम्ही दोघांनी बसून त्या मुलाच्या वडिलांना फोन लावला. ते बिचारे गडबडून गेले, त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. रविवारी सकाळी त्यांच्याकडे जायचंय, टॉर्च घेऊन.