काळ्या मातीवर टर्फ टाकताय? आधी खाली बघा

नागपुरात अंगणात मुलांसाठी छोटं बॉक्स क्रिकेट किंवा बॅडमिंटनचं टर्फ (म्हणजे कृत्रिम गवताचं कार्पेट) टाकायचं असेल तर टर्फ कोणतं घ्यायचं हे नंतर बघा, आधी माती बघा भाऊ. आपली काळी माती पावसात फुगते आणि मे महिन्यात अशी भेगाळते की अख्खा हात आत जातो, त्यावर डायरेक्ट कार्पेट अंथरलं की एका पावसाळ्यात लाटा येणार म्हणजे येणारच. आम्ही पहिल्यांदा हेच केलं, ठेकेदार म्हणाला "काही होत नाही", आणि ऑगस्टमध्ये कोपऱ्यात पाय ठेवला की पचपच पाणी वर यायचं.

दुसऱ्यांदा मग नऊ-दहा इंच माती काढून फेकली, तळाला जिओटेक्स्टाइल कापड, म्हणजे माती आणि गिट्टी वेगळी ठेवणारं जाड कापड, अंथरलं (यात पैसे वाचवू नका, नाहीतर गिट्टी हळूहळू चिखलात बसत जाते), वर मुरूम, मग गिट्टी, सगळ्यात वर दगडाची बारीक चुरी, आणि प्रत्येक थराला पाणी मारून रोलर. एकदम सगळं ओतून वरून रोलर फिरवला तर खालचं पोकळच राहतं. उतार दहा फुटाला सव्वा इंच ठेवला की पाणी निघून जातं, फक्त ते घराच्या पायाकडे नको, नालीकडे काढा. झाडं टर्फपासून लांब असलेली बरी.

काम दिवाळीनंतर काढा, तेव्हा माती ना चिखल असते ना दगड. आणि उन्हाळ्यात दुपारी टर्फ तव्यासारखं तापतं, पोरांना अनवाणी सोडू नका, संध्याकाळी पाणी शिंपडून मगच खेळू द्या.