शाळेचं लेझीम पथक: वाजवायचं कधी, राबायचं कधी

जून उजाडला की आठवी-नववीच्या मुली चिअरलीडिंगचे व्हिडिओ बघून येतात आणि "बाई, आपण असं करूया ना" म्हणून मागे लागतात. मी नाही म्हणत नाही. आरोळ्या, टाळ्या, रांगा मोडून नवी रचना, सगळ्यांनी एकदम वळणं, हे घेण्यासारखंच आहे आणि आपल्या लेझमीत ते आधीपासून आहे. मुलीला वर फेकणं मात्र नाही. तिकडे झेलणाऱ्या मुली ठरलेल्या असतात, मागे सांभाळायला एक वेगळी उभी असते, खाली गाद्या असतात आणि शिकवणाऱ्याचं तेवढं प्रशिक्षण झालेलं असतं. आपल्या मैदानात खडी आणि गाजरगवत. पाय जमिनीवर, हा पहिला नियम.

मी साताऱ्यातल्या एका हायस्कूलमध्ये पीटी शिकवते. आमचं पथक कबड्डी-खोखोच्या सामन्यांना शाहू क्रीडा संकुलात शाळेच्या बाजूने ओरडतं, सव्वीस जानेवारीला वाजवतं, आणि वर्षातून काही वेळा गावाचं काम करतं. ज्यांना असं पथक उभं करायचंय, त्यांना आमची पद्धत सांगते.

निवड करताना नाच बघू नका. नाच शिकवता येतो. मी मुलींना सामानाच्या खोलीतून लेझमी काढायला लावते, वाटायला लावते आणि तासानंतर परत ठेवायला लावते. कोण स्वतःची लेझीम टाकून दप्तराकडे पळते आणि कोण "बाई, एक कमी आहे" म्हणत मागे राहते, ते पहिल्या आठवड्यातच कळतं. ही दुसरी मुलगी घ्या, तिचा ताल कच्चा असला तरी चालेल.

चोवीस मुली बऱ्या पडतात. दोनच्या, तीनच्या, चारच्या, सहाच्या, आठच्या, कशाही रांगा पाडा, कुणी उरत नाही. शिवाय हलगीला एक, घुमक्याला (हलगीच्या साथीचं वाद्य) एक आणि दोघी बदली. हलगी फायबरची घ्या. चामडीचा आवाज गोड, यात वाद नाही, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात ती सैल पडते आणि दर थोड्या वेळाने जाळावर शेकावी लागते. डोंगरावर धुक्यात जाळ कुठून आणणार?

पहिले दोन-तीन आठवडे हलगीसुद्धा नको. तोंडाने आकडे मोजत लेझमीचे मूळ प्रकार: चार आवाज, मग आठ आवाज, मग पवित्रा. हलगी लवकर आली की मुली आवाजामागे पळतात आणि हात कच्चे राहतात. नव्या मुलींच्या अंगठ्याच्या बेचक्यात फोड येतात. त्यांना दोन दिवस नुसतं मोजायला उभं करा, तेवढ्यात बरे होतात.

आता कामाकडे येते. पथकाने सेवा करायची म्हणजे वाजवून झाल्यावर हातात झाडू घेऊन फोटो काढायचा, असं बऱ्याच ठिकाणी चालतं. त्यातून मुली काही शिकत नाहीत. ज्या ठिकाणी लेझमीचा उपयोग आहे, तिथंच काम शोधा.

आमच्यासाठी असं ठिकाण म्हणजे सातारा हिल हाफ मॅरेथॉन. 2012 पासून ही स्पर्धा होते. 21 किलोमीटर, शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा आणि परत यायचं. वाटेवर जागोजागी लोक ढोल, लेझीम घेऊन धावणाऱ्यांना जोर देतात. नवं पथक हमखास सुरुवातीच्या गर्दीत जागा मागतं, कारण तिथं कॅमेरे असतात. तिथं तुमची गरज नसते; सगळे ताजेतवाने असतात. संयोजकांना विचारून घाटातली जागा घ्या, चढ अंगावर येतो तिथली.

उभं राहायचं डोंगराच्या बाजूला, दरीच्या बाजूला कधीच नाही, आणि रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही. पथकाचे दोन भाग करा. बारा जणी वाजवतील, बारा जणी पोती घेऊन पाण्याचे कप, लिंबाच्या-संत्र्याच्या साली उचलतील. दहा मिनिटांनी अदलाबदल. सगळ्यांनी आधी वाजवायचं आणि मग उचलायचं ठरवलंत, तर तोवर वाऱ्याने अर्धे कप दरीत गेलेले असतात. कप एकात एक घालून चळत करायची, साली वेगळ्या पोत्यात. हातमोजे मोठ्या मापाचे आणू नका, आठवीच्या मुलींच्या हातातून गळून पडतात. वर कास पठार आहे, 2012 सालीच पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलेलं, आणि फुलांचा हंगाम नेमका स्पर्धेच्या दिवसांतच असतो. सकाळी धावणारे गेले की त्याच रस्त्याने गाड्या येतात. त्यांनी फेकलेल्या बाटल्याही आम्ही उचलतो, थोडं बोलत बोलत.

आरोळ्यांबद्दल एकच सांगते: खोटं ओरडू नका. "आलं, आलं, थोडंच राहिलं" हे चढावर धापा टाकणाऱ्याला ऐकवणं म्हणजे छळ. त्याला माहीत असतं किती राहिलंय. त्यापेक्षा "पुढच्या वळणावर पाणी आहे" हे खरं असेल तर सांगा. बिबवर, म्हणजे धावणाऱ्याच्या छातीवरच्या क्रमांकाच्या पट्टीवर, नाव छापलेलं असेल तर नावाने हाक मारा. अनोळखी मुलीने "चला सुनीताताई" म्हटलं की मान खाली घातलेली बाईसुद्धा हात वर करते. आमच्या मुलींनी केलेली आरोळी अशी:

पाय उचल, दम धर,
घाट आला हातावर!

पहिले पन्नासेक धावपटू वाऱ्यासारखे जातात, त्यांना कुणाची हाक ऐकू येत नाही. मुलींचा घसा तिथंच संपतो. म्हणून सुरुवातीला नुसती हलगी ठेवा आणि आवाज राखून ठेवा. साठीतले काका, पहिल्यांदाच धावणाऱ्या गृहिणी, पोटऱ्या धरून चालणारे, हे मागून येतात. शेवटचा माणूस जाईपर्यंत पथक हलत नाही. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 ला रिओ ऑलिम्पिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, हे मुलींना माहीत असतं आणि अभिमानही असतो. पण घाटात त्यांना शेवटच्या माणसासाठी वाजवायला लावते, कारण पहिल्यासाठी वाजवायला सगळं जग आहे.

दुसरं काम उन्हाळ्यातलं, श्रमदान. कोरेगाव तालुक्यातल्या वेळूने 2016 मध्ये पहिला वॉटर कप, म्हणजे पाणी फाउंडेशनची गावागावांतल्या जलसंधारणाची स्पर्धा, जिंकला तेव्हापासून आपल्या भागात पाणी अडवायला चर खणणं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. लेझीम पथक इथं फार कामाला येतं. रांगेत अंतर राखायची सवय असते, ताल अंगात असतो. मुलींना आलटून-पालटून समोरासमोर तोंड करून उभं करा, हलगी संथ ठेवा आणि एका ठोक्याला मातीचं घमेलं घ्यायचं, दुसऱ्याला पुढच्या मुलीला द्यायचं. घमेलं अर्धंच भरा. पूर्ण भरलेलं घमेलं चौथ्या मुलीपाशी सांडतं, मग सगळ्या रांगेचा ताल जातो. खणायचं काम गावातल्या माणसांकडे, कुदळ मुलींच्या हातात देऊ नका. साडेनऊच्या आत आवरा. एप्रिलचं माणदेशी ऊन बघून तुम्हीच आवराल.

विसर्जनाला कृत्रिम तळ्यावर निर्माल्य गोळा करायला जातो. त्यात खरं काम हाराचा दोरा आणि जरीची पट्टी काढण्याचं आहे. ते काढल्याशिवाय निर्माल्य खताला जात नाही. छोट्या कात्र्या न्या.

आषाढात माउलींची पालखी नीरा ओलांडून जिल्ह्यात येते, तेव्हा लोणंदला पाणी वाटायला आणि पत्रावळ्या उचलायला जातो. तिथं लेझमी नेत नाही. वारीला तिचा टाळ-मृदंग आहे, आपली हलगी मध्ये कशाला?

आमंत्रणांचं मात्र कडक ठेवा. पथक बरं वाजवायला लागलं की उद्घाटनं, सत्कार, दुकानं, सगळीकडून बोलावणी येतात. एका कार्यक्रमात पाहुणे दीड तास उशिरा आले आणि मुली नऊवारीत, फेटे बांधून उन्हात उभ्या. त्यानंतर मुख्याध्यापकांशी बोलून ठरवलं की पाहुण्यांच्या स्वागताला पथक जाणार नाही. इतर कुणी बोलावलं तर तीन प्रश्न: मुलींनी तिथं कोणतं काम करायचं, सावली कुठे, स्वच्छतागृह कुठे. तिसऱ्या प्रश्नाला "बघू, होईल सोय" असं उत्तर आलं की नकार. पालकांचं संमतीपत्र प्रत्येक वेळी नवं घ्या, वर्षाचं एकदम नको. त्या निमित्ताने आईला कळतं की लेक नक्की कुठे चाललीय. प्रथमोपचाराच्या पेटीत सॅनिटरी पॅड ठेवा आणि ते कुणाकडे मागायचे हे मुलींना आधीच सांगून ठेवा.

दहावीच्या मुलींना दिवाळीनंतर मोकळं करा. त्यांची हलगी नववीतल्या मुलीने ऑगस्टपासूनच शेजारी उभं राहून शिकलेली असली पाहिजे, नाहीतर सव्वीस जानेवारीला पंचाईत. घाटातून किंवा पावसातून आलात की लेझमीच्या साखळ्या त्याच संध्याकाळी कोरड्या पुसा, चकत्यांवर मशीनच्या तेलाचं बोट फिरवा आणि खिळ्याला टांगून ठेवा. ढीग करून ठेवलेल्या लेझमी एकमेकींत अडकतात आणि सोडवताना मुलींची बोटं चेमटतात.